गाडीचा गिअरबॉक्स : दुरुस्ती की बदल, आणि खर्च किती? कोल्हापूरच्या वाहनधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहर, कागल, इचलकरंजी आणि पन्हाळा-गगनबावडा भागातील वाहनधारकांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. रकमा खासगी मोटारींसाठी असून त्या नियोजनापुरत्या अंदाजाच्या आहेत. मॉडेल, भागाची प्रत आणि गॅरेज यांनुसार त्या बदलतात. प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी लेखी कोटेशन घ्यावेच.

१. गिअरबॉक्सच्या कामाला साधारण किती खर्च येतो?

मॅन्युअल गिअरबॉक्सच्या छोट्या पेट्रोल गाडीत गिअरबॉक्स उतरवून, खोलून, बेअरिंग, सिंक्रो रिंग (गिअर टाकताना दोन भागांचा वेग जुळवणारी कडी) आणि ऑइल सील बदलून पुन्हा बसवण्यास साधारण १२ ते ३० हजार रुपये लागतात. डिझेल एसयूव्हीत हेच काम २५ ते ६० हजारांपर्यंत जाते. छोट्या किंवा मध्यम गाडीचा संपूर्ण नवा मॅन्युअल गिअरबॉक्स ४० हजारांपासून सव्वा लाखापर्यंत पडतो. ऑटोमॅटिकचे गणित पूर्णपणे वेगळे आहे (प्रश्न ९ पाहा).

हा पल्ला इतका मोठा असण्याचे कारण मजुरीत फारसे नाही. गिअरबॉक्स उतरवून चढवण्याची मजुरी जवळजवळ ठरलेली असते. आत काय सापडते यावर बिल ठरते. दोन सिंक्रो रिंग झिजल्या असतील तर काम थोडक्यात आटोपते. पण बेअरिंग फुटून त्याचा चुरा सगळ्या गिअरमधून फिरला असेल, तर एकेक सुटा भाग बदलण्यापेक्षा अख्खा गिअरबॉक्स बदलणे स्वस्त पडू शकते.

२. मेस्त्री म्हणतात, “गिअरबॉक्स गेला.” तो खरोखरच गेला आहे हे मला कसे समजेल?

प्रथम क्लचचा संशय घ्यावा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज आणि आरपीएम वाढतात पण गाडी वेग घेत नाही, चढावर जळका वास येतो, अशी लक्षणे असतील तर बहुधा क्लच प्लेट संपलेली असते आणि गिअरबॉक्स ठणठणीत असतो. सर्वच गिअर जड पडत असतील, पण इंजिन बंद असताना सहज पडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. केबल, हायड्रॉलिक सिलिंडर किंवा प्रेशर प्लेट तपासावी. गिअरच्या दांडीची केबल सैल होणे किंवा तिचा बुश झिजणे हे तर काही शे ते दोन-तीन हजारांचे काम असते.

आवाजावरूनही बरेच कळते. गाडी उभी, इंजिन चालू आणि गिअर न्यूट्रलमध्ये असताना घरघर येत असेल आणि क्लच दाबताच ती थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग संशयित असते. याच्या उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. एकाच गिअरला, समजा दुसऱ्याला, खरखर होत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असते. ॲक्सिलरेटर सोडताच गिअर आपोआप निसटत असेल तर फोर्क, स्लीव्हचे दाते किंवा इंजिनाचे माउंटिंग पाहावे लागते. सर्व गिअरमध्ये वेगासोबत चढत जाणारा हुंकार डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या भागाच्या) बेअरिंगचा असू शकतो, पण चाकाचे बेअरिंगही तसाच आवाज करते. म्हणून गिअरबॉक्सला हात लावण्यापूर्वी गाडी जॅकवर चढवून चाके फिरवून पाहण्याचा आग्रह धरावा.

शेवटची आणि सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे गिअर ऑइल काढून पाहणे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक करडी पेस्ट असणे स्वाभाविक आहे. हाताला टोचणारे पोलादाचे तुकडे मिळाले, तरच गिअरबॉक्स खोलण्याला भक्कम आधार मिळतो. ही तपासणी न करता “गेला” असा निर्णय देणाऱ्याच्या हाती गाडी सोपवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

३. फक्त क्लच बदलण्यास किती लागतात, आणि गिअरबॉक्ससोबतच तो बदलावा का?

छोट्या पेट्रोल गाडीत क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचा संच मजुरीसह ६ ते १० हजारांत बसतो. काही डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील (धक्के शोषणारे, दोन भागांचे फ्लायव्हील) असते. ते बदलावे लागल्यास खर्च २५ हजारांच्या वर सहज जातो.

क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. म्हणून गिअरबॉक्सचे काम निघाले आणि क्लचने निम्म्याहून अधिक आयुष्य संपवले असेल, तर तो त्याच वेळी बदलावा. अन्यथा वर्षभरात तीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल. क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सीलही त्याच वेळी पाहावे. ते स्वस्त असते, पण पुढे गळू लागले तर नवी क्लच प्लेट तेलाने खराब होते.

४. गिअरबॉक्स खोलण्यापूर्वी खर्चाचा आकडा मागितला तर मेस्त्री देत नाहीत. ही टाळाटाळ आहे का?

नाही. न खोललेल्या गिअरबॉक्सचा अंतिम आकडा प्रामाणिक मेस्त्री देऊच शकत नाही. मात्र त्यामुळे कोरा चेक द्यावा असेही नाही. यावर दोन टप्प्यांचा मार्ग आहे आणि तो वाहनधारकाने स्वतःहून मांडावा.

पहिल्या टप्प्यात गिअरबॉक्स उतरवणे, खोलणे आणि धुऊन मांडून दाखवणे एवढ्याचीच मजुरी ठरवावी. त्याच वेळी, पुढचे काम न करण्याचे ठरल्यास किती पैसे द्यावे लागतील, हेही लिहून घ्यावे. दुसऱ्या टप्प्यात खोललेले भाग स्वतः जाऊन पाहावेत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक भागाचे नाव, क्रमांक, तो ओरिजिनल की लोकल आणि त्याची किंमत लिहिलेले कोटेशन घ्यावे. काम झाल्यावर जुने भाग परत मागावेत. बदललेला भाग हातात मिळणे हा बिलाचा सर्वांत साधा पुरावा आहे, आणि चांगले मेस्त्री तो न मागताच डिकीत ठेवून देतात.

५. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचे कोटेशन बाहेरच्या गॅरेजच्या तिप्पट का येते?

बहुतेक वेळा दोन ठिकाणी दोन वेगळी कामे सांगितलेली असतात. अधिकृत केंद्रांचा कल संपूर्ण गिअरबॉक्स किंवा त्याचा मोठा जोडसंच बदलण्याकडे असतो, कारण त्यावर हमी देणे त्यांना सोपे जाते. शिवाजी उद्यमनगर किंवा महामार्गालगतच्या गॅरेजमध्ये तोच गिअरबॉक्स खोलून फक्त झिजलेले भाग बदलले जातात. त्यामुळे केवळ रकमांची तुलना न करता कामाच्या यादीची तुलना करावी.

गाडी वॉरंटीत किंवा वाढीव वॉरंटीत असेल, तर बाहेर गिअरबॉक्स खोलू देऊ नये. दावा फेटाळला जाण्याचा धोका असतो. क्लच प्लेट झिजणाऱ्या भागांत मोडत असल्यामुळे ती सहसा वॉरंटीत येत नाही, हेही लक्षात ठेवावे. वॉरंटी संपलेल्या साध्या मॅन्युअल गाडीसाठी मात्र अनुभवी स्थानिक मेस्त्री हा चांगला पर्याय आहे, आणि कोल्हापूर या बाबतीत सुदैवी आहे.

६. जुना, म्हणजे सेकंडहँड गिअरबॉक्स बसवणे सुरक्षित आहे का?

छोट्या गाड्यांसाठी असा गिअरबॉक्स १२ ते ३५ हजारांत मिळू शकतो आणि मूळ गिअरबॉक्स आतून पूर्ण फुटला असेल तर तो व्यवहार्य ठरतो. परंतु बाहेरून सारखा दिसणारा गिअरबॉक्स आतून सारखा असेलच असे नाही. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल प्रकारांत, किंवा दोन वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत, गिअरचे आणि डिफरन्शियलचे प्रमाण वेगळे असू शकते. गिअरबॉक्सवरील कोड जुळवावा, इनपुट शाफ्ट हाताने हलवून त्यातील ढिलाई पाहावी, सर्व गिअर पडतात का हे तपासावे आणि ऑइल काढून पाहावे. शक्य असल्यास बसवण्यापूर्वीच त्याची ऑइल सील नवी टाकावीत. ती बसवल्यानंतर बदलायची म्हटल्यास मजुरी दुप्पट होते.

बिल नसलेला गिअरबॉक्स कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. तो चोरीच्या गाडीचा निघाल्यास खरेदीदारही अडचणीत येतो. विक्रेत्याकडून कोणत्या गाडीतून तो काढला याची नोंद आणि किमान महिनाभराची बदलून देण्याची लेखी हमी घ्यावी.

७. कोल्हापुरात एवढे कारखाने आहेत; मग माझा तुटलेला एक गिअर इथेच तयार करून मिळणार नाही का?

हा प्रश्न इतर गावांतून येत नाही, आणि तो रास्त आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत ओतकाम आणि मशीनिंग मोठ्या प्रमाणावर चालते. उद्यमनगरातील लेथवर अवघड सुटे भागही बनतात. तरीही गाडीच्या गिअरबॉक्सचा एकच गिअर बनवून घेणे बहुधा परवडत नाही.

गिअरचे दाते तिरपे असतात आणि त्यांचा कोन, आकार व अंतर जोडीच्या गिअरशी अचूक जुळावे लागते. दाते कापल्यानंतर गिअरला कार्बुरायझिंगची उष्णताप्रक्रिया दिली जाते, ज्यामुळे पृष्ठभाग अतिशय कठीण होतो आणि गाभा धक्का सोसण्याइतका चिवट राहतो. या प्रक्रियेत गिअर किंचित वाकतो, म्हणून नंतर त्याचे ग्राइंडिंग करावे लागते. हजारो नगांसाठी हे सारे स्वस्त पडते. एका नगासाठी तयारीचाच खर्च बाजारातील गिअरपेक्षा जास्त होतो. उष्णताप्रक्रिया न करता कापलेला गिअर काही दिवस चालतो, मग त्याचे दाते झडतात आणि तो शेजारचे चांगले गिअरही घेऊन जातो. शिवाय जुन्या गिअरशी नवा गिअर जोडला तर आवाज येण्याची शक्यता असते, म्हणून शक्यतो जोडी बदलावी. डिफरन्शियलचे क्राउन आणि पिनियन कारखान्यातच जोडीने घासून जुळवलेले असल्याने त्यांची तर जोडीच बदलावी लागते.

स्थानिक कौशल्याचा खरा उपयोग दुसरीकडे होतो. बेअरिंगची बैठक सैल झाली असेल तर केसिंग बोअर करून स्लीव्ह बसवणे, आटे गेलेल्या भोकांत नवे आटे पाडणे, दांडीचा बुश बनवणे, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग सपाट करणे ही कामे येथे उत्तम होतात. ज्या कामासाठी अख्खे केसिंग बदलण्याचा सल्ला मिळतो, ते काही वेळा दोन-तीन हजारांत वाचते.

८. गाडी दगडावर आदळून गिअरबॉक्सचे केसिंग फुटले आहे. वेल्डिंग चालते का?

बाहेरच्या भिंतीला तडा गेला असेल आणि तो बेअरिंगच्या बैठकीपासून दूर असेल, तर आर्गन वेल्डिंग चालते. त्यासाठी केसिंग रिकामे करून नीट धुवावे लागते, कारण साच्यात ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या बारीक छिद्रांत तेल शिरलेले असते आणि त्यावर वेल्डिंग धरत नाही. तडा बैठकीतून जात असेल तर वेल्डिंग करू नये. उष्णतेने बैठक किंचित सरकते, शाफ्ट तिरका होतो आणि नवी बेअरिंग लवकर जातात. असा आघात हा अपघात असल्यामुळे विमा कंपनीस आधी कळवावे (प्रश्न १३ पाहा).

९. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सला एवढा खर्च का येतो?

“ऑटोमॅटिक” या एका नावाखाली चार वेगवेगळी यंत्रे येतात, आणि खर्चही त्यानुसार बदलतो.

एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम ॲक्च्युएटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने हलणारे यंत्र, करतो. भारतात २०१४ साली मारुती सेलेरिओपासून हा प्रकार लोकप्रिय झाला. त्यातील अनेक तक्रारी झिजलेल्या क्लचच्या असतात. क्लच बदलल्यानंतर स्कॅनर लावून प्रणालीला नव्या क्लचची ओळख करून द्यावी लागते. ती न दिल्यास गाडी झटके देते आणि मालकाला ॲक्च्युएटर गेल्याचे सांगितले जाते. ॲक्च्युएटर खरोखरच गेला असेल तर २५ ते ६० हजारांची तयारी ठेवावी.

सीव्हीटीमध्ये पोलादी पट्टा आणि रुंदी बदलणाऱ्या दोन पुली असतात. पट्टा घसरून पुलीवर चरे पडले की दोन्ही बदलावे लागतात. टॉर्क कन्व्हर्टर प्रकारात आतल्या क्लच प्लेट, सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडी यांची दुरुस्ती होऊ शकते. या दोन्हींच्या ओव्हरहॉलला साधारण ८० हजार ते दोन लाख आणि नव्या गिअरबॉक्सला दीड ते चार लाख असा अंदाज धरावा. दोन क्लच आलटून-पालटून वापरणारा ड्युअल क्लच गिअरबॉक्स सर्वांत महाग असतो. त्याच्या मेकॅट्रॉनिक युनिटलाच (नियंत्रक आणि व्हॉल्व्ह यांच्या जोडसंचाला) एक ते अडीच लाख लागू शकतात. ही कामे करणारे अनुभवी हात थोडे आहेत. त्यामुळे कोल्हापुरात निदान करून प्रत्यक्ष काम पुण्यात करून घेणे काही वेळा शहाणपणाचे ठरते.

स्कॅनरवर पी ०७०० हा कोड दिसला म्हणून गिअरबॉक्स बदलू नये. गिअरबॉक्सच्या नियंत्रकात काहीतरी दोष नोंदला गेला आहे एवढेच तो सांगतो; नेमका दोष त्या नियंत्रकातील पुढच्या कोडमध्ये असतो. कमजोर बॅटरी किंवा गंजलेला कनेक्टर एवढ्यानेही दिवा लागतो.

बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी पुढची चाके रस्त्यावर ठेवून टोचन करू नये. अशा बहुतेक गिअरबॉक्समध्ये ऑइलचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली तर आतले भाग ऑइलविना घासतात. सपाट ट्रकवर चढवूनच गाडी न्यावी.

१०. नुसते ऑइल बदलून गिअरबॉक्स बरा होतो का?

झिजलेला भाग ऑइलने भरून येत नाही. परंतु मॅन्युअलमध्ये ऑइल कमी झाल्याने किंवा चुकीच्या ग्रेडचे भरल्याने गिअर जड पडत असतील, आणि सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये जुन्या ऑइलमुळे हलके झटके बसत असतील, तर फरक निश्चित पडतो. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रकाराचेच हवे; सीव्हीटीमध्ये साधे एटीएफ (इतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) भरणे म्हणजे गिअरबॉक्स गमावणे होय. ऑटोमॅटिकमध्ये ड्रेन करून भरल्यास साधारण तिसरा हिस्सा ते निम्मेच ऑइल बदलते, म्हणून काही वेळा ते दोनदा करावे लागते. “आजन्म ऑइल” असे पुस्तिकेत लिहिले असले, तरी दीर्घकाळ गाडी ठेवणाऱ्याने ६० ते ८० हजार किलोमीटरच्या आसपास ते बदलावे, असे आम्ही सुचवतो.

११. गगनबावडा, आंबा, पन्हाळा या घाटांत नेहमी जावे लागते. त्याने गिअरबॉक्स लवकर जातो का?

घाटाने जात नाही. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवल्याने क्लच जातो. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे रांगत चढताना हे सर्वाधिक घडते. थोडे अंतर सोडून थांबावे, हँडब्रेकने गाडी धरावी आणि वाट मोकळी झाल्यावर पहिल्या गिअरमध्ये निघावे. उतारावर न्यूट्रल करण्याने इंधन वाचत नाही, कारण आजची इंजिने गिअरमध्ये उतरताना इंधन जवळजवळ बंदच करतात. उलट ब्रेक तापतात आणि वेगात पुन्हा गिअर टाकताना सिंक्रो रिंगवर ताण येतो.

१२. पंचगंगेच्या पुरात गाडी बुडाली होती. चालू झाली आणि नीट चालते. तरी गिअरबॉक्स पाहावा का?

अवश्य, आणि लगेच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी अशा भागांत पाणी शिरले आणि शिरोलीजवळ महामार्गही बंद झाला. त्या काळात अनेकांनी इंजिन तपासले, गिअरबॉक्स मात्र विसरला गेला. गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी ब्रीदर असतो. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी ओढले जाते. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसू लागते, वंगण कमी होते आणि काही आठवड्यांत बेअरिंगवर गंज धरतो.

मॅन्युअलमध्ये ऑइल काढून, नवे भरून, थोडे चालवून पुन्हा एकदा बदलावे. हा खर्च दोन-चार हजारांचा आहे. ऑटोमॅटिकमध्ये पाणी शिरले असेल तर गाडी सुरूच करू नये, कारण आतल्या क्लच प्लेटचे अस्तर पाण्याने सुटते.

१३. गिअरबॉक्सचा खर्च विम्यातून मिळतो का?

झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या विम्यात येत नाहीत. अपघातात गिअरबॉक्स फुटला तर सर्वसमावेशक विम्यातून भरपाई मिळते, पण धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार घसारा कापला जातो : सहा महिन्यांपर्यंत काही नाही, मग वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. झिरो डेप्रिसिएशन कव्हर असल्यास ही कपात टळते.

पुरातील किंवा ऑइल गळून झालेल्या आतल्या नुकसानीसाठी इंजिन व गिअरबॉक्स संरक्षणाचे वेगळे ॲड-ऑन घ्यावे लागते. नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्यांनी ते घ्यावेच. पाण्यात थांबलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास दावा अडतो, आणि खालचा भाग दगडावर आपटून ऑइल गळत असताना गाडी पुढे दामटल्यासही तेच घडते.

१४. बिलावर जीएसटी किती असावा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. पूर्वी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. मजुरीवरही १८ टक्केच लागतो. जीएसटी नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशन योजनेतील (लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेतील) गॅरेजला बिलात वेगळा कर लावता येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसताना कर आकारला असेल तर तो देऊ नये.

१५. गाडी बारा वर्षांची आहे. एवढा खर्च करावा का?

तीन आकडे कागदावर मांडावेत : आहे त्या स्थितीत गाडीची किंमत, दुरुस्तीनंतरची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च. खर्च दोन किमतींतील फरकाहून थोडा जास्त असला, तरी गाडी आणखी तीन-चार वर्षे वापरायची असेल तर मॅन्युअलची दुरुस्ती करणे योग्य ठरते. मात्र इंजिन ऑइल पीत असेल किंवा पत्र्याला गंज लागला असेल तर नव्हे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण आणि महाराष्ट्रातील पर्यावरण कर हे खर्चही पुढ्यात असतात. जुन्या ड्युअल क्लच किंवा सीव्हीटी गाडीत नव्या गिअरबॉक्सची किंमत गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होत असेल, तर आमचा सल्ला दुरुस्ती न करण्याचा आहे.

१६. गिअरबॉक्स बदलल्यावर आरटीओत नोंद करावी लागते का?

त्याच प्रकारचा गिअरबॉक्स बसवला असेल तर नाही. नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिन आणि चासिस क्रमांक असतात, गिअरबॉक्सचा नसतो. मॅन्युअल काढून ऑटोमॅटिक बसवणे हा मात्र गाडीच्या मूळ रचनेतील बदल ठरू शकतो, आणि वायरिंग व नियंत्रक बदलावे लागत असल्याने तो खर्चाच्या दृष्टीनेही फसतो. तो करूच नये.

१७. पंचवीस हजार खर्चूनही महिन्यात तोच दोष आला आणि गॅरेज ऐकत नाही. काय करावे?

प्रथम लेखी तक्रार द्यावी. व्हॉट्सॲप संदेशही जपून ठेवावा. दुसऱ्या गॅरेजकडून दोषाचा लेखी अहवाल घ्यावा, आणि तो मिळेपर्यंत गिअरबॉक्स दुसरीकडे खोलू देऊ नये, अन्यथा दोष कोणाचा हे सिद्ध करणे कठीण जाते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे तडजोड न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणांत तक्रारीचे शुल्क लागत नाही आणि वकील नेमणे बंधनकारक नाही. कोटेशन, बिल, छायाचित्रे आणि परत घेतलेले जुने भाग (प्रश्न ४) यांचा उपयोग येथेच होतो.